वाऱ्याची फळी

तांगीने होडीतल्या बाकाखालची सैल फळी उचकटली, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि मेणकापडात गुंडाळलेलं एक लांबट बोचकं बाहेर ओढलं.

"नोल्वेनकाकू, हे काय ठेवलंय?"

शेडच्या दारात उभी असलेली नोल्वेन पुढे आली. होडीत तिने कधी पाय ठेवला नव्हता. आजही ती होडीला टेकवलेल्या शिडीच्या वरच्या पायरीवरच थांबली. तांगीने गाठी सोडल्या. आत पातळ लाकडाची हातभर लांब फळी होती, तिच्या बुडाशी शिशाचा गोळा, दोन कप्प्या आणि वेटोळं केलेली दोरी.

"खेकडे धरायचं काहीतरी असेल," ती म्हणाली.

"शिसं लावून? खेकडे हसतील." तांगीने फळी उलटसुलट केली. "विकतची नाही ही. कुणीतरी घरी बसून केलीये. आणि मन लावून केलीये बघा, कडा कशा घासल्यात."

होडी तो विकत घेत होता. कोंकार्नोकडचा माणूस, गावातलं त्याला काही ठाऊक नव्हतं. म्हणून तर नोल्वेनने त्याला होकार दिला होता. तिचा मुलगा माएल समुद्रात गेल्यापासून होडी या शेडमध्येच होती. तिचा नवरा एर्वान तिकडे फिरकतसुद्धा नसे; बंदराकडे जायचं तरी लांबच्या रस्त्याने जायचा.

तांगी होडीच्या मागच्या टोकाशी गुडघ्यांवर बसला आणि नखाने लाकूड खरवडू लागला. पुट्टी भरून रंगवलेली दोन भोकं उघडी पडली. फळीची बैठक त्यांवर अचूक बसली. दोरी कप्प्यांतून ओवून त्याने सुकाणूच्या दांड्याला बांधली. दांड्यावर तिथे आधीच एक गुळगुळीत खाच पडलेली होती.

"आता बघा हं." त्याने तळव्याने फळी कलती केली. दोरी ताणली गेली आणि सुकाणूचा दांडा आपोआप बाजूला सरकला. तांगी लहान मुलासारखा खूश झाला. "वारा फळीला ढकलतो, फळी दोरी ओढते, दोरी दांडा फिरवते. होडी वाट सोडत नाही. दांड्यापाशी माणूस लागतच नाही, काकू! खुशाल खाली जाऊन झोपा."

"झोपता येतं?"

"त्यासाठीच तर असते ही. भरपूर वापरलेलीही दिसतेय."

नोल्वेनने शिडीचा कठडा घट्ट धरला. मग म्हणाली, "सोडवून दे मला ती. घरी नेते."

माएल गेला त्या दिवशी एर्वानने दारातच सांगितलं होतं आणि त्यानंतर जो कुणी आला त्यालाही तेच सांगितलं होतं. मी दांडा धरून बसलो होतो. पोरगा पुढे शिडाकडे निघाला, कमरेचा पट्टा होडीला न अडकवताच. मी ओरडलो, पट्टा बांध! तो हसला, म्हणाला, बाबा, उगाच घाबरता. तेवढ्यात लाट आली आणि तो गेला. दांडा सोडला असता तर होडी उलटली असती.

ते हसणं नोल्वेनच्या छातीत काट्यासारखं रुतून बसलं होतं. देवळाशेजारच्या भिंतीवर समुद्रात गेलेल्यांची नावं होती. इतर बाया तिथे फुलं ठेवताना रडत, ती कोरडी उभी राही. स्वतःच्या हाताने गेला, हसत गेला, आईचा विचारही केला नाही. शिडाची होडी शिकवणाऱ्या शाळेतले शिक्षक दर उन्हाळ्यात पोरांना दटावत, "पट्टा बांध रे, माएल व्हायचंय का?" तिच्या कानांवर ते पडे आणि तिलाही वाटे, बरोबरच बोलतात.

एर्वान स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता. तिने फळी टेबलावर, सालींच्या शेजारी ठेवली. त्याचा सुरा थांबला.

"तांगीने ओळखलं," ती म्हणाली.

त्याने हातातला बटाटा खाली ठेवला.

"कुठे होतास तू?"

"खाली. झोपलो होतो. पहाटेचा पहारा त्याचा होता. जाग आली तर होडी नीट चालली होती. सरळ, झकास. वर आलो, तर कुणी नाही."

"मग तो हसला कधी?"

एर्वानने सुरा खाली ठेवला. "तू दारात उभी होतीस. काय झालं, काय झालं, म्हणून विचारत होतीस. मलाच ठाऊक नव्हतं काय झालं ते. काहीतरी सांगायला हवं होतं."

"काहीतरी!"

"एकदा सांगितल्यावर मागे कसं घ्यायचं, नोल्वेन?"

"पट्टा बांधला नव्हता, हे तरी खरं?"

"कुणाला माहीत! पट्टा होडीत सापडला नाही. अंगावरच असेल. हूक निसटला असेल."

नोल्वेन खुर्चीवर बसली. साली तिच्या कोपराखाली आल्या, तिला कळलंही नाही.

"ही समुद्रात का नाही फेकलीस? कुणालाच कळलं नसतं."

एर्वानने फळीकडे बघितलं नाही. "त्याने केली होती. अख्खा हिवाळा खपून. म्हणाला होता, बाबा, आता तुम्हाला झोप मिळेल."

ती कितीतरी वेळ त्या घासलेल्या कडांवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "उद्या सकाळी शाळेची पोरं धक्क्यावर येतील. जाऊन सांग."

"या वयात? लोक तोंडावर थुंकतील माझ्या."

"त्याच्यावर थुंकतातच की."

सकाळी एर्वानने दाढी केली, चांगला सदरा घातला आणि काठी घेऊन निघाला. खिडकीतून ती त्याला वळणापर्यंत बघत राहिली. धक्क्याच्या बाजूनेच वळला. तिने कॉफी ठेवली, पण घेतली नाही.

बऱ्याच वेळाने दार वाजलं. एर्वान आत आला, टोपी खुंटीला लावली आणि काखेतला लांब पाव काढून टेबलावर ठेवला.

"ताजा आहे," तो म्हणाला. "बेकरीत गर्दी होती आज."

नोल्वेनने त्याच्याकडे बघितलं. तो सुरी शोधत होता, खणामागून खण उघडत होता, आणि सुरी समोरच होती.

तिने कोट अंगात चढवला. फळी उचलली आणि धक्क्याकडे निघाली.