क वर, र खाली

क दाबला की माझी मुलगी एक फरशी गॅलरीकडे जाते. र दाबला की एक फरशी मुख्य दाराकडे येते. प म्हणजे स्वयंपाकघराची बाजू आणि त म्हणजे बेडरूमची. जाताना ती तोंड वळवत नाही. कुठेही निघाली तरी तोंड माझ्याकडे, पाठ ताठ, हात दोन्ही अंगांना सरळ. नाव ऋजुता ठेवलं तेव्हा ऋजू म्हणजे सरळ एवढंच माझ्या मनात होतं. मुलीनं आपलं नाव इतकं मनावर घेतलेलं मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिलेलं नाही.

त्याआधी ती चालतच नव्हती. दीड वर्षाची झाली तरी जिथे बसवू तिथे बसायची. डॉक्टर म्हणाले, सगळं व्यवस्थित आहे, वाट बघा. मी वाट बघत होते, म्हणजे दिवसभर तिच्या पायांकडे बघत होते. समोरच्या फ्लॅटमधल्या निमकरकाकू दारात उभ्या राहून त्यांच्या नातीच्या बातम्या देत. नात पुण्याला असते, ऋजुताच्याच वयाची.

"आमची स्पृहा आता सोफ्यावरून उडी मारते," काकू म्हणायच्या. "तुमची जरा भित्री आहे का गं?"

"विचारी आहे," मी सांगायचे आणि दार लावून घ्यायचे. दार मी नेहमीच लावून घ्यायचे. बाहेर पाऊल टाकलं की स्वयंपाकघराच्या बाजूला लगेच जिना सुरू होतो, आणि रांगणारं मूल घरात नव्हतं तेव्हापासून मला त्या जिन्याची भीती होती.

दुपारी ती झोपली की मी कॉम्प्युटरवर एक जुना खेळ काढून बसायचे. इंजिनिअरिंगला असताना लॅबमध्ये चोरून खेळायचो तोच. फुकट मिळतो, आतून कसा बांधलाय ते कोणालाही उघडून बघता येतं, आणि त्यात एकही चित्र नाही. भिंती म्हणजे रेघा, जमीन म्हणजे टिंबं, आणि आपण म्हणजे ईमेलच्या पत्त्यात असतं ते ॲटचं चिन्ह. भुयारात उतरायचं, मग आणखी खाली उतरायचं. जिथे अजून गेलो नाही तिथे पडदा काळा. तो खेळ लिहिला त्या काळी सगळ्या कीबोर्डांवर बाण नसायचे, म्हणून चालायचं ते अक्षरांवर. लेडीज हॉस्टेलमध्ये माझ्याइतकं खोल कोणी उतरलेलं नव्हतं. सोबत एक कुत्रं असतं. पायऱ्या उतरताना ते आपल्या शेजारच्या चौकटीत असलं तर बरोबर येतं, नसलं तर वरच राहतं. माझं कधी वर राहिलं नाही.

कीबोर्ड आईंचा, म्हणजे सासूबाईंचा. मिरजेत त्यांचा टायपिंगचा क्लास होता. तो बंद केला तेव्हा हा एक कीबोर्ड त्यांनी घरी आणला. त्याच्या बटणांवर त्यांनी मराठी अक्षरांचे स्टिकर लावले होते, त्यामुळे इंग्रजी अक्षरं खाली झाकली गेली होती. पण बोटं जागा विसरत नाहीत. त्या दुपारी मी वर जायचं बटण दाबलं, त्यावर क होता. पडद्यावरचं चिन्ह एक घर वर गेलं, आणि गादीवर झोपलेली ऋजुता उठून उभी राहिली आणि एक फरशी चालली.

मी आणखी एकदा क दाबला. ती आणखी एक फरशी चालली.

मी आईंना हाक मारली. त्या चष्मा लावून आल्या. आधी त्यांनी मुलीकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे.

"मनगट उचल," त्या म्हणाल्या. "टेबलाला टेकवलंस की बोट जड पडतं."

संध्याकाळी अमोघ ऑफिसातून आला तेव्हा मी तिला गॅलरीपासून त्याच्या बुटांपर्यंत आणून दाखवली. तो हेल्मेट काढायचं विसरला.

"आणि तिरपी?" त्यानं विचारलं.

तिरप्या चालीची चार बटणं वेगळी आहेत, ब, ह, व आणि ल. मी तिला डायनिंग टेबलाला वळसा घालून कोपऱ्यातून कोपऱ्यात नेली. एकही खुर्ची हलली नाही.

"मला जमणार नाही हे," अमोघ हेल्मेटच्या आतून म्हणाला. "माझं गाडी लावतानाच तिरपं जातं."

फक्त दारातून तिरपं जाता येत नाही. दारासमोर सरळ यायचं, मग सरळ बाहेर. तो त्या खेळाचा नियम आहे आणि आमच्या फ्लॅटचाही. द दाबला की समोरचं दार उघडतं. द दाराचा, ते लक्षात ठेवायला सोपं होतं. मुख्य दारासमोर ती असताना मी द कधी दाबला नाही.

काही दिवसांतच माझ्या लक्षात आलं की ऋजुता पाऊल टाकते तेव्हाच घर पुढे सरकतं. गॅसवर दूध ठेवून मी तिला चालवायचं थांबवलं की दूध वर येऊन पातेल्याच्या काठाशी थांबायचं. ती एक फरशी चालली की सांडायचं. अमोघचा घास ताट आणि तोंडाच्या मध्ये असायचा, नळाचं पाणी नळ आणि बादलीच्या मध्ये. बोलणं तेवढं चालू राहायचं, कारण त्या खेळात एक पाऊल म्हणजे एक पाळी, आणि बोलायला पाळी खर्च होत नाही.

"केतकी, चालव गं तिला जरा," घास हातात धरून अमोघ म्हणायचा. "आमटी निवेल."

"निवणार नाही. तीही थांबलीये," मी म्हणायचे.

मला ते आवडत होतं. जगात अशी किती मुलं असतील ज्यांच्या पावलाशिवाय दूधसुद्धा उतू जात नाही. ज्या दिवशी मला फार धास्ती वाटायची त्या दिवशी मी तिला गादीवरच ठेवायचे आणि सगळी इमारत शांत असायची.

मग निमकरकाकूंना चहाला बोलावलं. ऋजुताला मी बेडरूमच्या दारातून काढली, हॉलच्या मध्यावर आणली, तिथून तिरपी घेतली आणि बरोबर काकूंच्या गुडघ्यांसमोर उभी केली. तिचं तोंड माझ्याकडे होतं, म्हणून काकूंना तिची वेणी दिसली. एवढ्या केसांची वेणी घालायला मला फार वेळ लागला होता.

"चालते की," काकू म्हणाल्या. "खेकड्यासारखी चालते, पण चालते."

"सरळ चालते," मी म्हटलं.

"बोलते का पण? आमची स्पृहा गोष्ट सांगते आता. फक्त र तेवढा येत नाही तिला. घलात आलं, दाल उघड, असं."

आई माझ्याकडे बघत होत्या. मी काकूंना बिस्किटं दिली.

त्या दिवसापासून मी ऋजुताजवळ बसून अक्षरं म्हणू लागले. ती तोंड उघडायची नाही. पण मी क म्हटलं की ती उठून गॅलरीकडे एक फरशी जायची. कीबोर्डला कोणी हात लावलेला नव्हता. आईंनी क म्हणून पाहिलं, अमोघनं मोठ्यांदा म्हणून पाहिलं, ती हलली नाही. माझ्याच तोंडातलं अक्षर ती ऐकत होती. मी त्या दोघांकडे पाहिलं.

काना, मात्रा, वेलांटी लागलेलं किंवा दुसऱ्याला जोडलेलं अक्षर ती सोडून द्यायची. मोकळं अक्षर मात्र लगेच पाळायची. मी "बस" म्हटलं की ती उठून तिरपी निघून जायची. तेव्हा मी "बैस" म्हणू लागले.

"आमच्या वेळी बैसच म्हणत," आई म्हणाल्या. त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

वरण म्हटलं की ती मुख्य दाराकडे निघायची, म्हणून मी आमटीच म्हणू लागले, मग ताटात काहीही असो. एकदा ताईशी फोनवर बोलताना "परत बोलू" म्हटलं, तर ऋजुता एक फरशी डावीकडे गेली, एक फरशी खाली आली, एक फरशी उजवीकडे सरकली आणि चपलांच्या स्टँडला टेकून उभी राहिली. परत हा शब्द मी त्या दिवशी टाकून दिला. त्याच्या जागी पुन्हा. पुन्हा म्हटलं की ती जिथल्या तिथे राहते.

हळूहळू माझं बोलणं कमी झालं. तोंड उघडण्याआधी मी शब्द अक्षर अक्षर करून बघायचे आणि बहुतेक शब्दांत कुठे ना कुठे एक मोकळं अक्षर सापडायचंच. अमोघ म्हणाला, अशी गप्प तू लग्नाआधीही नव्हतीस. मला उत्तर सुचलं होतं, पण त्यात दोन पावलं होती.

आणि मग माझी पाळीही तिच्या मागे लागली. मी स्वयंपाकघरात जायला निघाले तर पाय उचलेना. ऋजुता एक फरशी चालली तेव्हा मला एक फरशी चालता आली. तिनं तिरपी चाल घेतली की मीही घेऊ शकायचे, पण तिच्यानंतर. आमच्या दोघींमधलं अंतर तिनं ठरवायचं. पडद्यावर ॲटच्या मागे एक नवीन अक्षर दिसू लागलं होतं, आ. मी सरकले की ते सरकायचं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. कुत्र्यालाही त्या खेळात एक अक्षरच असतं.

आईंना मात्र वाईट वाटलं. त्या माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या, ऋजुतानं पाऊल टाकल्यावर.

"क्लासात मुलींची बोटं एकदा बसली ना," त्या म्हणाल्या, "की मी कीबोर्डवर फडकं टाकायची. बघायचं नाही, आता तुमचं तुम्ही. पहिल्या दिवशी रडायच्या सगळ्या."

"काय लिहिलं जायचं?" मी विचारलं. य मोकळा आहे, पण तो चालीचा नाही.

"काहीच्या काही," आई म्हणाल्या. त्यांनी फडकं आणलं आणि कीबोर्डवर टाकलं. मी ते काढलं नाही. मला आता कीबोर्डाची गरज नव्हती.

आजची गोष्ट. संध्याकाळची वेळ, अमोघ यायचाय. आई गॅलरीत. मी बेडरूमच्या दाराजवळ वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होते. ऋजुता मुख्य दारासमोरच्या फरशीवर होती, तोंड माझ्याकडे. बाहेर निमकरकाकूंनी त्यांचं दार उघडल्याचा आवाज आला.

"द," ऋजुता म्हणाली.

तिचं पहिलं अक्षर. तिच्या पाठीमागे आमचं मुख्य दार उघडलं. दारापलीकडे, जिन्याच्या तोंडाशी, काकू कुंडीला पाणी घालत होत्या. पाणी झारी आणि कुंडीच्या मध्ये थांबलेलं होतं.

मला दाराकडे धावायला हवं होतं. पण तिनं पाऊल टाकलं नव्हतं, म्हणून मला टाकता येत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मी तिच्या ओठांकडे बघत होते.

"र," ती म्हणाली.

स्वच्छ. ल नाही, य नाही, जीभ टाळ्याला लावून, थोडा कंप देऊन, र. ती एक फरशी मागे जाऊन उंबऱ्यावर उभी राहिली. काकूंच्या झारीतून एक धार कुंडीत पडली. मी हातातले कपडे सोडले आणि तिरपी एक फरशी पुढे आले.

"र," ती पुन्हा म्हणाली आणि बाहेर गेली. त्या फरशीवर मी तिला आजवर फक्त कडेवर घेऊन उभी राहिले होते. आता ती तिथे स्वतःच्या अक्षरावर उभी होती, पाठ ताठ, हात सरळ. मला उंबऱ्यावर जायचं होतं, पण दारातून तिरपं जाता येत नाही. मी दारासमोर सरळ आले.

मागे कॉम्प्युटरचा पडदा चालू होता. त्यावर दाराबाहेरची फरशी नुकतीच उजळली होती. जिना सगळा काळा होता.

"काकू, ऐका ना," मी म्हटलं.

काकूंनी मान वर केली. "काय गं? काही म्हणाली का ही?"

"म्हणाली."

"मला नाही बाई ऐकू आलं. काय म्हणाली?"

गॅलरीतून आईही आत आल्या होत्या. सगळे बघत होते. ऋजुताही बघत होती, मी काय सांगते त्याची वाट बघत. आणि मी, जिनं एवढे दिवस एकेक शब्द उलगडून मगच तोंडाबाहेर काढला होता, मान ताठ करून तिला म्हणू लागले, परत म्हण बाळा.

प.

ती एक फरशी डावीकडे गेली, जिन्याच्या तोंडाशी. काकूंच्या झारीतून दुसरी धार पडली. मी उंबऱ्यावर आले. ती आता मला तिरपी होती.

र.

ती पहिली पायरी उतरली. पाठमोरी, न अडखळता, तोंड माझ्याकडे ठेवून, जशी कोणाचीच मुलगी उतरली नसेल. "अगं बाई," काकू म्हणाल्या.

तिच्या उजवीकडे काय आहे ते अजून पडद्यावर आलेलं नाही. तिनं हनुवटी वर केली आहे आणि ती माझ्या ओठांकडे बघते आहे. माझी जीभ दातांच्या मागे टेकलेली आहे, तिथे त आहे.