गेरूचे पाच चौकोन

“वाईट कधी रेखू नये, सुमन. जे रेखावं, ते दारात येऊन उभं राहतं.”

सासूबाईंना जाऊन सात वर्षं झाली होती. पण गेरूत बोट बुडवलं की त्यांचा आवाज अजून सुमनबाईंच्या कानाशी यायचा. गावचं पोस्ट सुमनबाईंच्याच ओसरीवर होतं, नवऱ्याच्या नावावर. ओसरीच्या भिंतीवर गेरूचे पाच चौकोन होते, प्रत्येकात एक चिन्ह, आणि ओल चढून पुसट झालेला तिसरा त्या पुन्हा गिरवत होत्या. एवढ्यात रामकिशन ताडकळसहून टपालाची थैली घेऊन आला.

“गिरवा बाई, गिरवा. उद्या साहेब तपासणीला आला की म्हणंल, हे पोस्ट हाय का देवघर?”

“देवघरच समज. चपला खाली काढ.”

ऊसतोडीला गेलेल्यांच्या मनिऑर्डरी नगरकडून यायच्या. फॉर्मच्या खालच्या चिठ्ठीवर निरोपापुरती जागा असे. तिथं कारखान्यावरचा लिहिणारा सगळ्यांसाठी एकच लिही: सर्व खुशाल, काळजी नसावी. ज्याचा पाय गाडीखाली सापडला, त्याच्याही घरी सर्व खुशालच आलं होतं. म्हणून दोन वर्षांपूर्वी दसऱ्याला सुमनबाईंनी चातुर्मासाच्या रांगोळीतली पाच चिन्हं भिंतीवर काढून सगळ्यांना नेमून दिली. सूर्य म्हणजे सगळे धडधाकट. कमळ म्हणजे पाळणा हलला. गोपद्मं म्हणजे माघारी निघालो. अशी पाच, पाचही चांगल्याचीच. लिहिणाऱ्याच्या ओळीखाली ज्यानं त्यानं आपल्या हातानं काढायचं. वालूरला दिलेल्या एका लेकीनं ती रीत तिकडं नेली. तिथून देवगाव फाट्याच्या टोळ्यांनी उचलली. त्यांच्यातली एक बाई मुद्दाम विचारायला आली होती, तेव्हा सुमनबाई हसल्या होत्या.

“इचारायचं काय त्यात? रांगोळी का कुणाची इस्टेट हाय?”

थैलीत आज एकच मनिऑर्डर होती. सुग्रीवची, त्याच्या आईच्या नावानं. रामकिशननं हाक मारली तशी गोजरबाई पदराला हात पुसत आल्या. अंगठा उठवला, नोटा कनवटीला लावल्या, आणि चिठ्ठी सुमनबाईंच्या पुढं धरली.

“सूर्य हाय का कमळ? सुनंचे दिवस भरत आलेत. कमळच आसंल बगा.”

सर्व खुशाल, काळजी नसावी. त्याखाली काही नव्हतं.

सुमनबाईंनी चिठ्ठी उलटून पाहिली. पुन्हा सुलटी केली. पेटीतून त्यांनी गोजरबाईंच्या आधीच्या तीन चिठ्ठ्या काढल्या. गोजरबाई त्या तिथंच ठेवायला देत. तिन्हींवर सुनेच्या, रुख्मिणीच्या हातचा सूर्य होता, प्रत्येकाच्या मधोमध कुंकवाचं बोट.

“इसरली आसंल,” गोजरबाई म्हणाल्या. “कामाची माणसं. पाहाटंच फडात जायलेत.”

“व्हय.”

रुख्मिणी विसरणारी नव्हती. पोर बिनआईची. टोळीचा ट्रक दारात उभा असताना ती याच ओसरीवर पोटावर हात ठेवून पाच चौकोन निरखत राहिली होती.

“काकू, अन् वंगाळ काई झालं, तर काय काढू?”

सुमनबाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला होता.

“तसलं रेखायचं नसतं, बाळ.”

“मग तुमाला कळंल कसं?”

“कळंल. अन् कळलं की मी येईन.”

ट्रकवरून बाया हाका मारायला लागल्या होत्या, म्हणून बोलणं तिथंच राहिलं.

सुमनबाईंनी मान वर केली. समोर बन्सीधरचं अंगण कोरडं पडलं होतं. त्याचा म्हातारा गेल्याला चार दिवस झाले होते. आळीत तेवढ्या एका दारापुढं रांगोळी नव्हती. त्या कुठं बघताहेत ते गोजरबाईंनी पाहिलं. मग त्यांनी चिठ्ठी परत मागून घेतली, आणि ती उघड्या तळहातावर धरून पायरीवर बसल्या.

“शिक्का कवाचा हाय, बाई?”

“सहा दिवसांमागचा.”

सुमनबाई आत गेल्या. नऊ वर्षांत महादेवाच्या देवळातला त्यांचा संध्याकाळचा दिवा एकदाही चुकला नव्हता. तापातसुद्धा त्या भिंती धरून धरून गेल्या होत्या. त्यांनी तेलाची वाटी भरली, वाती मोजल्या, आणि बाहेर येऊन दोन्ही गोजरबाईंच्या पुढ्यात ठेवलं.

“मावशी, मी येईपर्यंत दिवा तुमी लावा.”

“मी? तुमचा नेम हाय त्यो. मोडंल की.”

“मोडला तर मोडू द्या. त्याच्याशी मी बोलीन.”

रामकिशन थैलीचा बंद हातात धरून उभा होता.

“पोस्टाचं ह्यांना सांग,” त्या त्याला म्हणाल्या. “रानातच हायत. चार-पाच दिवस लागतील म्हणाव. दुपारची परभणी गाडी सापडंल ना ताडकळसला?”

“सापडंल. मी सोडतो सायकलीवर.”

त्यांनी पिशवीत एक जुनं मऊ लुगडं घातलं, डिंकाची पुडी घातली. पायरी उतरता उतरता त्या थांबल्या. वाटीतला गेरू अजून ओला होता. पाचव्या चौकोनाच्या शेजारी त्यांनी सहावा आखला. चारही रेघा सावकाश ओढल्या, कोपरे जुळवले.

रामकिशननं सायकल वळवून धरली.

“ह्यात काय काढायचं, बाई?”

सुमनबाईंनी बोट पदराला पुसलं, पिशवी उचलली आणि सायकलीकडे चालू लागल्या.