चुन्याचा क्रूस उचलायचा दिवस

आमच्याकडे माणूस गेलं की घरात जमिनीवर चुन्याचा क्रूस काढतात आणि नऊ दिवस त्याच्याभोवती प्रार्थना चालते. नवव्या दिवशी तो चुना कुंच्यानं गोळा करायचा, पेटीत भरायचा आणि कबरीत ठेवायचा. प्रार्थना सांगायचं काम माझं, पेत्रोनिलाचं. गाव मला मानानं ‘दोन्या पेत्रा’ म्हणतं. गेल्या चाळीस वर्षांत गावातलं एक मढं माझ्यावाचून हललेलं नाही.

एवोदिओसाठी मात्र मला जायचंच नव्हतं. विहिरी खणणारा हा माणूस एक्केचाळीस वर्षं चर्चची पायरी चढला नव्हता. सणाची मिरवणूक दारावरून गेली तरी हा पठ्ठ्या आपला कुदळीला धार लावत बसायचा. एकदा भर बाजारात मी त्याला सुनावलं होतं की तू सरळ नरकात जाणार. तो नुसता हसला. म्हणाला, “जिथं माझ्या पोराला जागा नाही, तिथं जाऊन मी काय करू?” त्यावर मी मिरच्यांचा भाव विचारायला लागले होते.

पण त्याची मुलगी लेओकादिया माझ्या दारात येऊन बसली, काही केल्या उठेना. म्हणून गेले. गेले खरी, पण आठ दिवस मी नुसतं ‘या आत्म्याला’ म्हणत राहिले, त्याचं नाव गिळलं. ज्यानं देवाकडे पाठ फिरवली त्याचं नाव देवापुढे कशाला घ्यायचं? बायका पानात उकडलेले मक्याचे तामाले खाण्यात गुंग, कुणाच्या लक्षात येणार नाही असं धरून चालले होते.

नवव्या दिवशी दुपारी मी क्रूसाभोवती झेंडू मांडत होते. लेओकादियानं गरम चॉकलेटचा पेला माझ्यापुढे ठेवला आणि जमिनीवरच बसली. शेजारच्या रामिरोची आई गेली तेव्हा तुम्ही जपमाळेच्या प्रत्येक मण्याला तिचं नाव घेत होता, माझ्या बापाचं आठ दिवसांत एकदाही घेतलं नाही, असं म्हणाली. मी म्हटलं, नाव विश्वास ठेवणाऱ्याचं घेतात. त्यानं स्वतःच दार लावून घेतलं, त्याला मी काय करणार?

“दोन्या पेत्रा, आडवळणं नकोत. माझा बाप तरला की बुडाला?”

‘बुडाला’ अगदी जिभेवर आलं होतं. पण पोरीचे डोळे रडून रडून सुजलेले. मग मी पाद्र्यांची ढाल पुढे केली, की नवे पाद्री हे सगळं देवाच्या दयेवर सोडा म्हणतात.

“पाद्र्यांचं राहू द्या. तुम्ही काय म्हणता ते सांगा.”

मी उगाच झेंडू इकडचे तिकडे करत बसले. तेव्हा तीच बोलायला लागली. तिच्याआधी एक भाऊ झाला होता. दोन दिवसांचं पोर तापानं फणफणलं. पाद्री डोंगरापलीकडे, म्हणून पाणी घालून बाप्तिस्मा द्यायला गावातल्या एका मुलीला बोलावलं. ती उशिरा आली, तोवर पोर गेलं. वर तिनंच सांगितलं की पाण्यावाचून गेलं, आता त्याला स्वर्गाचं दार बंद. त्या दिवसापासून बापानं चर्च सोडलं.

“कोण होती ती, मी कितीदा विचारलं. बाबा म्हणायचे, जाऊ दे गं, तीही पोरच होती, एकोणीस वर्षांची.”

ती एकोणीस वर्षांची पोर मीच. बाप्तिस्म्याला कुठलंही पाणी चालतं, आणि एवोदिओच्या उंबऱ्याशी भरलेला माठ होता. पण मला मेलीला भारी मिरवायची हौस, म्हणून मी आशीर्वाद दिलेलं पाणी आणायला चर्चकडून वळसा घालून गेले. साधं पाणी चाललं असतं हे मला नंतर कळलं, तेव्हा त्याला सांगायची हिंमत झाली नाही. या माणसानं पुढे माझ्या परसात विहीर खणली, माझ्या हातचं पाणी प्यायला. आणि माझं नाव त्यानं पोटच्या पोरीलासुद्धा सांगितलं नाही.

“ती मीच,” मी म्हटलं. आणि सगळं सांगून टाकलं, माठासकट.

लेओकादिया उठून आत गेली. मला वाटलं, आता ही मला हाकलून देणार, आणि द्यायलाच हवं होतं. या वयात लाजेनं तोंड लपवावंसं वाटलं. कोण मोठी लागून गेले होते मी, याला आत घ्या, त्याला बाहेर ठेवा म्हणणारी?

संध्याकाळी माणसं जमली. क्रूसाचं डोकं, दोन्ही हात आणि पाय चौघांनी एकेक करून उचलले. मधला, काळजाचा भाग उरला. तो सगळ्यात जवळच्या माणसानं उचलायचा. सगळे लेओकादियाकडे बघत होते. तिनं कुंचा माझ्या हातात दिला.

“बाबा त्या पोराला आन्सेल्मो म्हणायचे,” ती हळूच म्हणाली. “आता दोघांची नावं घ्या.”

मी गुडघे टेकले. काळजाचा चुना कुंच्यानं गोळा करून पेटीत भरला. मी नावं घेतली. आधी पोराचं घेतलं.