तानबाचं छापील बिल

नाव गेली हे लहानूला कळलं, तो बुद्धपौर्णिमेच्या आदला दिवस होता. शेवटची बकरी पुलगावच्या बाजारात विकून तो घरी न जाता थेट धरणाच्या पलीकडच्या काठी, तानबाच्या शेडवर आला होता. तिसऱ्या बिलाचे पैसे त्याच्या खिशात होते.

तानबा नाव बांधणारा आणि दुरुस्त करणारा माणूस. तो जागेवर नव्हता. लहानूची नाव मात्र होती. शेडच्या बाहेर, भर उन्हात, बाभळीच्या ओंडक्यांवर पालथी पडलेली. अंगावर एक पोतं नव्हतं. लाकडी नाव पाण्याबाहेर काढली की तिच्यावर ओली पोती टाकून ठेवावी लागतात, सकाळ-संध्याकाळ पाणी मारावं लागतं, नाहीतर लाकूड आकसतं आणि सांधे उघडतात. हे लहानूला तानबानंच शिकवलं होतं.

लहानूनं बुडावरून हात फिरवला. फळ्यांच्या सांध्यात त्याचं बोट सहज आत जात होतं. नावेचा कणा उन्हानं पिळला होता. बदलायच्या म्हणून काढलेल्या दोन फळ्यांच्या जागी दोन भगदाडं तशीच होती. नवं लाकूड कुठेच दिसत नव्हतं. नवा खिळासुद्धा नव्हता.

तानबाची बायको शोभाबाई तांब्या घेऊन बाहेर आली.

"उन्हाचे आलात लहानूभाऊ. पाणी घ्या."

"पाणी राहू द्या वहिनी. नाव उघडी काऊन हाये?"

"मी यायले फोन लावतो," ती नवऱ्याबद्दल म्हणाली.

"फोन मंग लावा. दोन बिलं देल्ली मी. लाकूड आणलं म्हणे, वर्ध्याहून कारागीर आणला म्हणे. कुठं हाये लाकूड?"

शोभाबाईनं तांब्या खाली ठेवला.

"मले खोटं बोलता येत नाई भाऊ. मी यायले पयल्याच दिवशी म्हटलं होतं, हे बरं नाई करून राह्यले तुमी. नाव दुरुस्त करायचीच नव्हती."

"म्हणजे?"

"तुमच्या रुपेशनं सांगतलं होतं. बिल फुगवा, बाबा कंटाळतीन अन् नावेचा नाद सोडतीन. एकटा माणूस पाण्यावर गेला, काही झालं, तं कोण पायते? यायलेबी तसंच वाटे. पण पैशाले हात नाई लावला आमी. बाबासाहेबाची आण घ्या का आमच्या देवाची. सगळे रुपेशजवळ देल्ले."

लहानू एका ओंडक्यावर बसला. शोभाबाईनं तांब्या पुन्हा पुढे केला. या वेळी त्यानं तो घेतला, पण प्यायला नाही.

लहानू काही जन्माचा नावाडी नव्हता. त्याचं शेत आणि गाव धरणात गेलं तेव्हा तो पस्तिशीचा होता. पुनर्वसनात घर मिळालं, मच्छीमार संस्थेचा तो सभासद झाला, पण मासे कसे धरतात हे त्याला ठाऊक नव्हतं. तानबा पिढीजात भोई. त्यानं आपली एक जुनी नाव लहानूला दिली आणि शीड धरायला शिकवलं. डिझेलला पैसे नव्हते, म्हणून शीड. दुपार कलली की पश्चिमेचा वारा सुटतो आणि तो फुकट असतो, असं तानबा म्हणायचा.

लहानूपेक्षा त्याची बायको सुलोचना लवकर शिकली. तिच्या हातात सुकाणू आणि लहानूच्या हातात शिडाची दोरी, हे पहिल्या वर्षीच ठरलं ते शेवटपर्यंत तसंच राहिलं. काठावर तानबा उभा असला की ओरडायचा, "लहानूभाऊ, तू तं नुस्ता दोरीले लटकून राह्यते. नाव वहिनीच चालोते!" त्यावर सुलोचना म्हणायची, "लटकू द्या जी. वजन तरी कामी येते."

लहानू भेटला की तानबा "जयभीम" म्हणायचा आणि तानबा भेटला की लहानू "राम राम". दोघं एकमेकांचा नमस्कार म्हणत, आणि त्यात कधी खंड पडला नाही. दुरुस्तीचा हिशोबही तसाच. वीस वर्षांत तानबानं कधी कागद दिला नव्हता. फळी बदलली, डांबर लावलं, सांध्यात कापूस ठासला, की विचारायचं, किती झाले? तानबा म्हणायचा, समजून घेऊ. मग हंगामात लहानूच्या घरून त्याच्याकडे मासोळी जायची. कोणाचं कोणाकडे किती राहिलं हे दोघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं, आणि त्यामुळेच दोघांनाही आपण लुबाडले गेलो असं कधी वाटलं नाही.

सुलोचना पौषात गेली. छातीचं दुखणं होतं, महिनाभर अंथरुणावर होती. त्या महिन्यात नाव काठावर तशीच पडून राहिली. पाणी उतरलं, नाव दगडावर बसली आणि बुडाच्या दोन फळ्या तडकल्या.

ती गेल्यावर लहानूला घरात बसवेना. सुलोचना घरात सतत बोलायची. बकऱ्यांशी, कुकरशी, टीव्हीतल्या बाईशी. आता सगळं गप्प झालं होतं आणि ते गप्प असणं लहानूला सारखं ऐकू यायचं. पाण्यावर मात्र त्या दोघांचं बोलणं नसायचंच. तिनं नुसतं सुकाणूवरचं बोट हलवलं की तो दोरी ढिली करायचा. नावेत बसलं तर ती मागेच आहे असं वाटायला फार कष्ट पडणार नाहीत, असा त्याचा हिशोब होता. तो त्यानं कोणाला सांगितला नाही. सांगण्यासारखा नव्हताच.

त्यानं तानबाला एवढंच सांगितलं, "नाव सुदरून दे. लौकर."

"दोन फळ्या तं हायेत. सात-आठ हजाराचं काम," तानबा म्हणाला.

फाल्गुनात तानबानं त्याच्या हातात कागद ठेवला. छापील. वर तानबाच्या शेडचं नाव, खाली सागाचं लाकूड, कारागिराची मजुरी, फायबरचा थर, वाहतूक, आणि तळाला सव्वीस हजार.

लहानू हसला. "अबे, तू कम्प्यूटर कवा शिकला? कालपर्यंत तं तुले पावतीवर सही करता येत नव्हती."

"पोरानं छापून देल्लं," तानबा म्हणाला. कोणाच्या पोरानं, ते तो बोलला नाही आणि लहानूनं विचारलं नाही. त्याला फक्त कागद आला याचं वाईट वाटलं. वाटलं, सुलोचना नाही म्हणून आता हिशोब कागदावर आला. बाई होती तोवर घराची घराशी देवाणघेवाण होती. आता एकट्या माणसाशी काय समजून घ्यायचं?

त्यानं घासाघीस केली नाही. मानी माणूस घासाघीस करत नाही. त्यानं बकऱ्या विकल्या. पाच होत्या, पाचही सुलोचनाच्या. तीन एकदम गेल्या. महिन्यानं दुसरं बिल आलं. आतलं लाकूडही सडकं निघालं म्हणे. तेव्हा चौथी गेली, आणि वर मोलमजुरीचे साठवलेले पैसे गेले.

ते पैसे घेताना तानबा म्हणाला होता, "सोड ना भाऊ आता नाव. या वयात काय शीड वढतं? पोराजवळ जाऊन राय."

"तू लाकूड पाय. पैशाचं मी पायतो."

तानबानं नोटा न मोजता खिशात घातल्या. लहानूला तेव्हा त्यात जुना तानबा दिसला. बरं वाटलं.

आणि आज, तिसऱ्या बिलासाठी, शेवटची, ठिपकी. सुलोचनानं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवली होती. मुकेश नावाच्या व्यापाऱ्यानं तिचे दात पाहिले, कमरेवर थाप मारली आणि पैसे दिले. लहानूनं मागे वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर विकता आली नसती.

तानबाची मोटारसायकल आली तेव्हा ऊन उतरलं होतं. लहानू ओंडक्यावरच होता. तानबानं त्याचा चेहरा पाहिला, मग शोभाबाईचा. तो जयभीम म्हणाला नाही.

"सांगतलं का इनं?"

"हाव."

तानबा गाडीजवळच उभा राहिला. "पोरगा रडत आलता भाऊ. म्हणे काका, बाबा जेवत नाई, बोलत नाई, दिवसभर काठावर बसते. नाव देली तं वापस येणार नाई. मले काय वाटलं, सव्वीस हजार आयकून तू मले चार शिव्या देशीन अन् सोडून देशीन. तू पैसेच काढून देल्ले."

"अन् तू घेतले."

"एकदा हात पुढं केला. मंग मागं कसा घेऊ ते समजेना. म्हटलं पुढच्या खेपेले तू थांबशीन. तू थांबतच नव्हता."

"नाव उघडी काऊन ठेवली?"

तानबा गाडीची किल्ली काढू लागला.

"मले फसोलं ते फसोलं. लाकडाले काऊन उन्हात टाकलं? ते तं काही बोललं नव्हतं तुले."

"पयले पंधरा दिवस पाणी मारलं," तानबा खाली पाहत म्हणाला. "मंग वाटलं, कायले? जायचंच नाई हाये तं."

"आता सुदरते का?"

तानबा नावेपाशी आला. त्यानं गुडघे टेकले, कण्यावरून हात फिरवला, सांध्यात नख घातलं, लाकडावर मुठीनं ठोकून पाहिलं. नावेपाशी त्याला खोटं बोलता येत नसे. म्हणूनच चार महिने तो लहानूला नावेजवळ घेऊन आलाच नव्हता. पैसे घ्यायला स्वतः घरी येत होता.

"कणा गेला. बूड सगळं नवं लागन. बिलात लिवलं होतं, त्याच्याहून जास्तच."

"म्हणजे तुहं बिल खरं झालं."

"लहानूभाऊ..."

"भाऊ म्हणू नको."

लहानू तिथून निघाला आणि मिळेल त्या गाडीनं पुलगावला परत गेला. बाजार उठला होता. मुकेश चहाच्या टपरीवर बसला होता.

"हे घे पैसे. बकरी वापस दे."

"काका, गाडी तो निकल गई नागपूरकडे. दुसरी देऊ का? बढिया हाये, दोन पिलं देईन."

"दुसरी नाई पायजे."

"मग कायले विकली होती?" मुकेशनं साध्या मनानं विचारलं. लहानूनं नोटा पुन्हा खिशात घातल्या.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. विहारात वंदना झाली, मुलगी मेघा आंजीहून खिरीचा डबा घेऊन आली, रुपेश पुलगावहून आला. तो तिथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होता. तानबानं त्याला रात्रीच फोन केला असणार, कारण त्यानं चपला काढायच्या आत पाकीट काढून बापासमोर ठेवलं.

"सगळे हायेत बाबा. एक रुपया कमी नाई. तुमच्याच नावानं बँकेत टाकणार होतो."

"बकऱ्या आण."

"काय?"

"पैसे नाई मागून राह्यलो मी. तुह्या मायच्या बकऱ्या आण."

मेघा म्हणाली, "बाबा, त्यानं काळजीनंच केलं ना."

"तुले मालूम होतं?"

मेघानं खिरीचा डबा उघडला आणि पुन्हा बंद केला. तिलाही माहीत होतं.

रुपेशचा आवाज चढला. "तुमी काठावर बसून राहत होते. चार वेळा मी आलो, चारही वेळा तुमी मले पायलंबी नाई. एकट्याले नाव देली असती तं तुमी वापस आले असते का? सांगा ना!"

लहानूनं पोराकडे पाहिलं. हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच कोणी विचारत होतं.

"आलो असतो," तो म्हणाला. "वारा पडला का वापस यावंच लागते. पण हे मले इचारायचं होतं रे. चार महिने तू तानबाले इचारलं, मेघाले इचारलं. मले इचारलं असतं तं मी सांगतलं असतं, कायले जायचं हाये मले."

"आता सांगा."

"आता नाई."

खीर कोणी खाल्ली नाही असं नाही. खाल्ली, कारण मेघानं आणली होती. मग लहानूनं हात न लावलेलं पाकीट मेघानं उचललं आणि संध्याकाळच्या गाडीनं दोघंही गेली.

त्यानंतर तानबानं दोनदा निरोप पाठवला. नवं बूड मी घालून देतो, लाकूडही माझं, पैशाचं नाव काढू नको. लहानूनं होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्याचा तानबाच्या हातावर अजून विश्वास आहे. माणसावर नाही, आणि हात माणसापासून वेगळा मिळत नाही.

पाकीट मेघाकडे आहे. रुपेशचा फोन येतो, तेव्हा लहानू जेवलो म्हणतो आणि ठेवतो. नाव बांधायची राहिली आहे. आपल्याला पाण्यावर कशाला जायचं होतं, हे पोराला सांगायचं राहिलं आहे. सुलोचना गेल्यापासून लहानू एकदाही पाण्यावर गेलेला नाही.