अकरा तडाखे

तळहाताचा पाचवा तडाखा पाठीवर बसला तेव्हा वेई पहिल्यांदा एक पाऊल पुढे ढकलला गेला. तोंडातलं रक्त त्याने फरशीवर थुंकलं, सरकलेला पाय पुन्हा जागेवर आणला आणि मागे न बघताच म्हणाला,

"लियावकाका, सकाळची पेज मिळाली नाही वाटतं? हातात जोरच नाही."

अंगणात उभ्या असलेल्या दोनशे शिष्यांपैकी एकही हसला नाही.

मारणारा होता लियाव बोयान. मठाची शिस्त एकतीस वर्षं त्याच्याकडे होती. त्याच्या तीन तडाख्यांत दांडगे गडी आडवे झालेले सगळ्यांनी पाहिले होते. ह्या विशीतल्या पोराला अकरा घ्यायचे होते.

आद्यगुरूंच्या पुण्यतिथीनंतर एकोणपन्नास दिवस मठाचं फाटक उघडायचं नाही, हा नियम. आज पहाटे नदीने काठची वस्ती गिळली. नावा ओढून पोट भरणारी अकरा माणसं डोंगर चढून वर आली आणि वेईने कुणाला न विचारता अडसर काढला. त्याची हकालपट्टी तर ठरलेलीच होती. पण न बोलावता आत आलेल्याने एक तडाखा सोसायचा, नाहीतर आल्या वाटेने परत जायचं, असंही नियमात होतं.

"त्यांचे सगळे मी घेतो," वेई म्हणाला होता.

मारणारा कोण, हे घेणाऱ्याने सांगायचं. त्याने लियावकडे बोट दाखवलं. आपण ह्याला वाढवलं म्हणून हलक्या हाताची आशा धरून असेल, असं तेव्हा लियावला वाटलं होतं.

सहावा बसला आणि लियावच्या तळहाताला काहीतरी चुकल्यासारखं जाणवलं. मठाच्या विद्येने अंगातलं बळ पाठीत आणलं की निम्मा मार जिरतो. इथे काहीच जिरत नव्हतं. हाताला नुसती हाडं लागत होती.

"बळ का लावत नाहीस?" तो दबक्या आवाजात म्हणाला.

"मठाने काढलंय ना मला? मग मठाची विद्या कशी वापरू?"

सात. आठव्याला वेई गुडघ्यांवर आला. भिंतीशी बसलेल्या ओलेत्या माणसांतली एक म्हातारी हुंदका देऊन उठू लागली. त्याने तिला हाताच्या खुणेनेच बसवलं, मग तोच हात जमिनीला टेकून तो उभा राहिला. शिष्यांच्या रांगेतून वाऱ्यासारखा एक आवाज गेला. असलं काही लियावने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

वीस वर्षांपूर्वी, अशाच बंद दिवसांत असाच पूर आला होता आणि फाटकावर लियाव होता. बाहेरून फाटकावर पडणाऱ्या थापा त्याने शेवटपर्यंत ऐकल्या आणि नियम पाळला. थापा थांबल्यावर केव्हातरी त्याने फाटक किलकिलं केलं. गारठून मेलेल्या आईच्या छातीशी एक पोर तेवढं जिवंत होतं. नदीकाठी लव्हाळ्यात सापडलं, असं त्याने सगळ्यांना सांगितलं. म्हणून नाव ठेवलं वेई, लव्हाळा.

नववा तडाखा देऊन लियावने हात खाली घेतला.

"अकरा," तो म्हणाला.

पायरीवर बसलेल्या मठाच्या प्रमुख गुरुमाईंनी मान वर केली.

"अकरा झाले?"

"झाले."

दोनशे जणांनी मोजले होते. सगळ्यांच्या नजरा फरशीवर गेल्या.

"नऊ," वेई म्हणाला. आवाज खरखरत होता. "दोन राहिलेत."

"गप्प बैस, मूर्खा," लियाव पुटपुटला.

"का? उद्या कुणीतरी म्हणेल, दोघांचे राहिले होते. मग दोघांना बाहेर काढतील. कुठली दोघं, ते तुम्ही निवडणार का?"

लियाव त्याच्या कानाशी वाकला. "ते दोन मीच सोसायचे आहेत. तू लव्हाळ्यात सापडला नव्हतास. तुझी आई..."

"फाटकाबाहेर होती. माहीत आहे. बारा वर्षांचा असल्यापासून."

लियावने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"मग मलाच का निवडलंस?"

"तुम्ही मोजलेल्यावर कुणी शंका घेत नाही." वेई दात आवळून हसला. "आता तेवढं बिघडवू नका, काका. ती माणसं गारठलीत."

लियावने तळहात उचलला. त्याने डाव्या हाताने मनगट धरलं, स्थिर केलं आणि मारलं. दहा. मग अकरा. तोलून, पूर्ण, नियमाप्रमाणे.

वेई उभाच होता. गुरुमाई स्वतः उठून उभ्या राहिल्या आणि त्यांच्यामागे पायऱ्यांवरचे सगळे.

वेई भिंतीला धरून फाटकाकडे निघाला. लियाव त्याच्यामागे धावला.

"थांब. मीही येतो."

"तुम्ही आलात तर ह्यांच्याकडे कोण बघणार?" वेई न वळता म्हणाला. "मी नजरेआड झालो की ह्यांना हुसकायला बघतील. इथेच थांबा."

तो एकेक पायरी चाचपत खाली गेला. ढगात दिसेनासा होईपर्यंत लियाव बघत राहिला. मग तो अंगणात परतला. भिंतीशी बसलेल्या माणसांपुढे येऊन उभा राहिला.

म्हातारीने त्याच्या हातांकडे पाहिलं. मग अंग चोरून ती थोडी सरकली, आणि भिंतीशी एका माणसापुरती जागा झाली.