बाबांच्या खोलीतलं नेट

घरात नेट आलं तेव्हा वायरवाल्याने डबा दाराजवळच्या चपलांच्या मांडणीवर बसवला, कारण त्याची वायर तिथेच संपली. तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. पुढे बाबा घसरून पडले, मांडीचं हाड मोडलं आणि ते मागच्या खोलीतल्या पलंगाला खिळले. मग कळलं की दारातलं नेट तिथवर पोचता पोचता धापा टाकतं. मध्ये भिंती आणि एक भलंमोठं लोखंडी कपाट. मोबाइलच्या नेटला तर त्या खोलीचं वावडंच आहे.

दुसऱ्या कुणाचे बाबा असते तर नुसत्या आवाजावर भागलं असतं. आमच्या बाबांचे कान कारखान्यातल्या घणांनी कधीच नेले. ते ओठ वाचतात. आमच्याकडे त्यांच्याशी पाठ फिरवून कुणी बोलत नाही, की तोंडात घास घेऊनही बोलत नाही.

धाकटा भाऊ परदेशात. तो व्हिडिओ कॉल करायचा आणि त्याचे ओठ अर्धवट उघडे राहून गोठायचे. आवाज मात्र चालू. मग मी बाबांसमोर बसून त्याचं वाक्य न् वाक्य माझ्या तोंडाने म्हणायची. बाबा बघून घ्यायचे आणि विचारायचे, "हे तू म्हणालीस. तो कसं म्हणाला?" आता यावर काय बोलणार, कपाळ!

बाबा पडले तेव्हा धाकटा म्हणाला होता, सुट्टी काढून येतो, चांगला महिनाभर राहतो. त्यानंतर बाबांना एकच गोष्ट हवी होती: तो कधी येणार हे त्याच्याच तोंडून बघायचं. एवढ्यासाठी मी नेटच्या मागे हात धुऊन लागले.

सल्ले देणाऱ्यांना काय तोटा? शेजारीण म्हणाली, डबा उंचावर ठेवा. ठेवला. कंपनीची बाई दर वेळी म्हणायची, बंद करून चालू करा. तेही केलं, दात ओठ खाऊन. नवऱ्याने सिग्नल पुढे ढकलणारं यंत्र आणून बाबांच्या पलंगाशी लावलं. त्या यंत्रापर्यंतच धड काही पोचत नव्हतं, ते पुढे काय ढकलणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं मी म्हटलं, तर महाशय दिवसभर फुगून बसले. शेवटी वायरवाल्याला पुन्हा बोलावलं. त्याने भिंतीच्या कडेकडेने वायर थेट मागच्या खोलीत नेली आणि तिथे दुसरा डबा बसवला.

पुढचा कॉल आला आणि धाकटा असा दिसला, जणू खिडकीतच उभा आहे. बाबांनी पहिलं काय विचारलं, तर दाढी करताना कापलंस का. दोघं थेट बोलत होते. मला मध्ये काही कामच नव्हतं आणि त्याचा मला कोण आनंद झाला होता.

मग बाबांनी विचारलं, "कधी येतोस?"

धाकट्याने माइक बंद केला आणि तो बाजूला बसलेल्या बायकोशी काहीतरी बोलला. ही त्याची ऑफिसातली सवय. माइक बंद केला की जग बहिरं झालं असं त्याला वाटतं. पुन्हा माइक चालू करून तो हसला आणि म्हणाला, "लवकरच, बाबा. तिकिटांचं बघतोय."

"ये, सावकाश ये," बाबा म्हणाले.

कॉल संपल्यावर मी नव्या वायरीचं कौतुक करत बसले होते. बाबांनी मला थांबवलं. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने ते नेहमी मोठ्यानेच बोलतात, तसंच बोलले. बाहेरच्या खोलीत नवऱ्यालाही ऐकू गेलं.

"तो तिला म्हणाला, आपण जाणार नाहीच आहोत, पण म्हाताऱ्याला आत्ताच कशाला सांगायचं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला चांगलं फैलावर घ्यायचं म्हणून मी फोन उचलला, तर बाबांनी माझं मनगट धरलं.

"मला दिसलं ते सांगू नकोस त्याला. नाहीतर पुढच्या वेळी तोंडावर हात धरून बोलेल."

मला रडू येत होतं, पण बाबा माझ्या तोंडाकडेच बघत होते. तेवढ्यात फोनवर धाकट्याचा मेसेज आला: ताई, आज नेट झकास होतं. बाबा खूश दिसले.

मी 'हो' लिहून पाठवलं.