पेडलवरचा पाय

वैशाख अर्धा सरला होता आणि रुपचंदच्या पोटऱ्यांत गोळे आले होते. रोज वरातीच्या गाडीवर उभं राहून सिंथेसायझर बडवायचा, त्यात आता हे पेडलचं झेंगट. बँडमालक हिलालभाऊंनी मुंबईहून जुनी पेडलं आणली, तीही गिटारची. रुपचंदने बायकोचा जेवायचा पाट देवपुरातल्या बँडच्या खोलीत आणला आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी त्यावर पेडलं आवळली. एक एकोचं, एक आवाज फाडणारं, एक आवाज कमी-जास्त करणारं.

हिलालभाऊंचं म्हणणं सरळ होतं. सिंथेसायझरमधून क्लॅरिनेट नीट निघालं, की क्लॅरिनेट वाजवणाऱ्या अभिमन आबांना सोनगीरच्या लग्नाला न्यायचं नाही. आबांना दमा. पण रुपचंदला सूर धरायला शिकवलं ते आबांनीच. कोणत्या तोंडाने हे काम करायचं? म्हणून त्याने फाडणारं पेडल मुद्दाम चालू ठेवलं आणि एको पार वर चढवला. असा गलका उठला की एसटीचा हॉर्न गोड वाटावा. बरं झालं, त्याला वाटलं.

"मुद्दाम बिघाडस का?" दारात आबा उभे होते. धापा टाकत ते पाटाशी बसले. "ते फाडनारं काढी टाक. आते वाजाड."

रुपचंदने वाजवलं. आवाज क्लॅरिनेटचाच, पण मेलेला.

"तुनं वाजंत्र दम लेस नही," आबा म्हणाले. "मानूस दम लेस."

मग त्यांनी पेडलवरचा त्याचा पाय हातात धरला आणि चाल गुणगुणू लागले. जिथे त्यांचा श्वास तुटे, तिथे ते त्याचा चवडा उचलत आणि आवाज विरून जाई. रुपचंदला लाज वाटली. गुरूने पायाला हात लावावा!

"आबा, मंग तुम्हनं काय?"

"मना दम सरना. गानं कसाले सरू देवानं?"

सोनगीरच्या लग्नाला आबा आले नाहीत. नवरदेव मारुतीच्या पारावर बसला, रुपचंदने गाडीवर तीच चाल धरली आणि आबांचा श्वास जिथे तुटायचा तिथे चवडा उचलला.

गर्दीतून मंजुळाबाई पुढे आली. तिच्या घरच्या सगळ्या लग्नांत आबाच वाजवत आले होते.

"आज आबाले लई दम लागी ऱ्हायना. पानी द्या त्यास्ले. कोठे शेतस आबा?"

ती गाडीमागे जाऊन पाहून आली; आबा तिथेही नव्हते. रुपचंदला रडू फुटलं, पण हात सुरांवर होते आणि पाय पेडलवर. तिने पाण्याचा तांब्या पेडलांच्या पाटावर ठेवला.